कोटावरच्या टिकल्या

"ओ पत्रकवाल्या ताई, बाजूला व्हा. नाहीतर नंतर तुम्हाला पुसावं लागेल."

देवरे मॅडम माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. मी तेव्हा कोटाच्या आळीत दारोदार पत्रकं वाटत होते. डोकं आधीच तापलेलं होतं आणि माणसं पुसण्याची भाषा करणारी ही बाई साहेबलोकांनी पाठवलेली आहे, एवढंच मला दिसलं. मी तिथेच पाय रोवून उभी राहिले. म्हटलं, "पुसून दाखवा." त्यांनी वाद घातला नाही. तिपाईवरचं लेझरचं यंत्र चालू केलं आणि स्वतः कोपऱ्याआड जाऊन उभ्या राहिल्या. यंत्राचं डोकं गरगर फिरलं, थांबलं. मग त्यांनी मला लॅपटॉपवर दाखवलं. असंख्य ठिपक्यांनी उभी राहिलेली भिंत, दगड न् दगड वेगळा, आणि तिच्यापुढे माझ्या जागी एक फाटका, धुरकट पट्टा.

"तुम्ही हललात," त्या म्हणाल्या. "रागावलेली माणसं फार हलतात."

एक कळ दाबली आणि मी नाहीशी झाले. माझ्यामागे मात्र भिंतीत एक काळं भोक राहिलं, कारण मी अडवलेला भाग यंत्राला दिसलाच नव्हता. "आता तेवढ्यासाठी सगळं परत लावते," असं म्हणून त्यांनी तिपाई उचलली. आवाजात राग नव्हता. राग नसलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे आळीची घरं वाचवायला निघालेल्या आमच्या समितीत मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

कोटाची आळी म्हणजे नाशिकने गिळलेल्या एका जुन्या गावाची नदीकडची बाजू. गावाभोवती कधीकाळी तट होता. तीन बाजूंचा लोकांनी, पावसाने आणि रस्त्याने खाल्ला, नदीकडचा उरला. त्याच्या पाठीला पाठ लावून माळ्यांची घरं उभी राहिली. घराची मागची भिंत म्हणजेच कोट. त्यातच देवाची फळी, त्यातच कपडे टांगायच्या खुंट्या. नदीपलीकडच्या तुकड्यांवर झेंडू, शेवंती, मेथी काढायची आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा, हे त्यांचं आयुष्य. या लोकांना नोटीस आली की कोट धोकादायक आहे आणि ऐतिहासिकही आहे, तरी घरं खाली करा. म्हणजे कोट पडेल म्हणून माणसं हटवायची आणि कोट टिकावा म्हणूनही माणसंच हटवायची. आम्ही बोंब मारली तेव्हा वरून ठरलं की आधी मोजणी होऊ द्या. कोट स्थिर निघाला तर घरं राहतील, हलत असला तर जातील. मोजणीचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं आणि कंपनीने देवरे मॅडमना पाठवलं. एकटीला.

एकटं असणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. कंपनीची गाडी सकाळी त्यांना पेट्यांसकट उतरवून जायची आणि संध्याकाळी उचलायची. मधल्या वेळात उंच, किंचित वाकलेली, चाळिशी ओलांडलेली बाई, उन्हाने रंग उडालेली टोपी घालून कोटावर. डबा कोटावरच बसून खायच्या. आळीत कोणी त्यांना घरात बोलवत नव्हतं, कारण आम्हीच सांगून ठेवलं होतं की ही साहेबलोकांची माणूस आहे. जेवताना सटाण्याहून आईचा फोन यायचा. तेवढ्यापुरती त्यांची भाषा बदलायची. "हां माय, बरी शे मी," एवढं म्हणायच्या आणि मग बराच वेळ नुसतं ऐकायच्या. इंदिरानगरला एक खोली होती, तिथेही कोणी नव्हतं. लग्न का केलं नाही असं आळीतल्या शेवंताबाईने त्यांना तोंडावर विचारलं होतं. "माहीत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या.

हे "माहीत नाही" त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि माझ्या डोक्यात जाणारं. मी पत्रकं लिहिणारी. आमच्या पत्रकात 'माहीत नाही' असं वाक्य येत नाही, येऊ शकत नाही. मी लिहिलं होतं, 'दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ऐतिहासिक कोटाचे खरे राखणदार आम्हीच.' मॅडमनी पत्रक वाचलं आणि विचारलं, "दोन हजार कुणी सांगितलं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी मोजलं का?"

"मग तुम्ही सांगा. किती जुना आहे?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज घरी ठेवून यायचा असतो," त्या म्हणाल्या आणि पत्रकाची नीट घडी करून पिशवीत ठेवली.

तरी त्या बाईला आनंद झालेला मी पाहिला आहे, एकदा. जमिनीखालचं बघणारं एक रडार होतं त्यांच्याकडे, चार चाकांचं, ढकलत न्यायचं. आळीतल्या बायका त्याला बाबागाडी म्हणायच्या आणि मॅडम गेल्या की एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. शेवंताबाई तर त्यांच्यासमोरच म्हणाली, "लेकरू लय शांत हाय तुमचं मॅडम, रडत बी नाय." मॅडम हसल्या. त्या दिवशी आळीच्या टोकाला, उकिरड्याच्या मोकळ्या जागेत, त्या बाबागाडी घेऊन पुन्हा पुन्हा त्याच रेषेत फिरत होत्या. मग मला हाक मारली. त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या लाटा होत्या आणि त्यांच्यात एक रुंद फुगवटा.

"खाली अजून एक भिंत आहे," त्या म्हणाल्या. "माती आणि विटा असाव्यात. वरच्या कोटाच्या दुपटीने रुंद. हा आपला कोट तिच्या खांद्यावर बसलाय." त्यांनी जमिनीवर हात टेकला, तापलेल्या उकिरड्यावर, आणि तो तसाच ठेवला. "एवढी वर्षं इथे कुणाला पत्ता नाही."

"मग ती तरी दोन हजार वर्षांची असेल?"

त्या माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. "उकरून बघितल्याशिवाय माहीत नाही. पण पत्रकवाली, तू माणूस चिकट आहेस."

तेव्हापासून मी त्यांच्यासोबत डबा खायला लागले. समितीतल्या लोकांनी मला टोमणे मारले, की काय, पार्टी बदलली का. मी बदलली नव्हती. पण मोजणीच्या बाजूने आपण का असू नये हे मला कळत नव्हतं. मोजून कोट स्थिर निघाला तर जिंकणार आम्हीच होतो.

कोट हलतोय का हे बघायला मॅडमनी प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीवर, थेट दगडावर, काळे-पांढरे चौकोनी कागद चिकटवले होते. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे. दर महिन्याला यंत्र लावून त्यांच्या जागा वाचायच्या; एखादा मिलिमीटरभर सरकला तरी कळायचं. आळीत त्यांना टिकल्या म्हणायचे. पावसाळाभर एकही टिकली हलली नाही. मी मनातल्या मनात विजयाचं पत्रक लिहायला घेतलं होतं.

दिवाळी झाली आणि मॅडम मोजायला आल्या. दुपारी धावत आमच्या समितीच्या खोलीवर आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघत होते. मधल्या तीन घरांतल्या टिकल्या सरकल्या होत्या, मिलिमीटरने नाही, बोटाबोटाने. "त्या घरांत आज कुणी झोपायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी माणसं बाहेर काढा, मग मला काय बोलायचं ते बोला."

मी बोललेच. म्हटलं, शेवटी तुम्ही त्यांचीच माणूस. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या. मग आम्ही दोघींनी मिळून लोकांना शाळेत हलवलं. आकाशकंदील अजून दारात लटकत होते. एक म्हातारा जायला तयार होईना, तर मॅडम त्याच्या ओट्यावर बसून राहिल्या. "बाबा, तुम्ही बसाल तर मीही बसते. पडला तर दोघांवर पडेल." तो शिव्या देत उठला.

त्यांनी कंपनीला कळवलं होतं तीन घरांबद्दल. वरून जो कागद आला तो आख्ख्या आळीबद्दल होता. कोट हलतोय हे सिद्ध झालं आहे, सुनावणीची औपचारिकता उरकली की सगळी घरं पाडणार. नदीच्या वाटेवर जेसीबी येऊन उभा राहिला. सुनावणीच्या आधी उभा राहिलेला जेसीबी काय सांगतो हे समजायला यंत्र लागत नाही.

शेवंताबाई त्या मधल्या तीन घरांतली. सासूपासूनच्या त्या घरात एकटी राहायची. सुनावणीच्या आदल्या सकाळी देव आणायला म्हणून ती मला घेऊन घरी गेली, तर आत मॅडम. भिंतीला नाक लावून एकेक टिकली बघत होत्या. शेवंताबाईला वाटलं मॅडम आपलं काम तपासतायत. ती कौतुकाने म्हणाली, "मॅडम, दिवाळीला चुना दिला ना, तवा तुमच्या टिकल्या जपून काढल्या व्हत्या हां. पाण्यानं भिजवून भिजवून. एक बी फाटू दिली नाय. शेजारच्या दोन्ही घरांतल्या बी म्याच काढल्या, पोरी धसमुसळ्या हायेत. चुना वाळल्यावर डिंकानं परत लावल्या. जागच्या जागी."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि खाली फरशीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं असं अजूनही वाटतं. त्या म्हणाल्या, "खूप जपून काढल्यात, मावशी."

"मग. पराया मानसाची वस्तू."

शेवंताबाई देव घेऊन बाहेर गेली. मॅडम हळू आवाजात मला म्हणाल्या, "प्रत्येक टिकली वेगळ्या दिशेला सरकलेली होती. कोट असा हलत नाही. मला त्याच दिवशी शंका यायला हवी होती. मी घाबरले गं." मग त्यांनी चुना न लागलेला कोटाचा वरचा भाग यंत्राने पुन्हा वाचला. कोट जागच्या जागी होता. त्यांनी फोन लावला. कंपनीचे सर काय म्हणाले ते मला पलीकडून ऐकू येत होतं. रिपोर्ट गेलाय, आता मागे घ्यायचा नाही, पुढची कामं अडकतील, तुम्ही उद्या येऊच नका.

मी म्हटलं, "शेवंताबाईला उद्या उभं करू. तिने सांगितलं की संपलं."

"नाही," त्या म्हणाल्या. इतक्या ठामपणे त्या कधी बोलल्या नव्हत्या. "तिचं नाव आलं तर मोजणीत ढवळाढवळ केली म्हणून तिच्यावरच केस करतील. वर म्हणतील, बघा, हे लोक राखणदार. तिला यातलं काही सांगायचं नाही. शब्द दे."

मी दिला.

सुनावणीला आळीतर्फे मला एकटीलाच आत घेतलं होतं, बाकी सगळे बाहेर फाटकाशी थांबले होते. साहेबांनी रिपोर्ट वाचायला घेतला आणि मागच्या रांगेतून मॅडम उठल्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हा आकडा चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. टिकल्या काढून परत लावल्या गेल्या होत्या. मी न तपासता आकडा दिला. कोट हललेला नाही."

"काढल्या कुणी?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या खुणांवर लक्ष ठेवणं माझं काम होतं."

"मी नाव विचारतोय, बाई."

"माझं लिहा."

सभागृहात कुणीतरी हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, उचललं. शेवटी हुकूम निघाला की नवी मोजणी होईपर्यंत घरांना हात लावायचा नाही. नवी मोजणी अजून झालेली नाही. घरं उभी आहेत. आम्ही जिंकलो. लोकांनी गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. मॅडम फाटकातून कधी बाहेर पडल्या ते कुणी बघितलं नाही. मीही नाही.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. या शहरात नवे रस्ते पहिल्या पावसात वाहून जातात, गटारं उलटी वाहतात, आणि 'चूक माझी' असं म्हणणारा माणूस मी एकही बघितलेला नाही. समितीतही नाही. एक बाई म्हणाली, तर तिचं काय झालं? कंपनीने काढलं. एका पेपरात चौकटीत गंमत म्हणून बातमी आली. तिच्या क्षेत्रातल्या लोकांनी तिला दुसरं काम दिलं नाही, कारण हिचा आकडा चुकतो. ज्यांचे आकडे कधीच कुणी तपासत नाही त्यांचे चुकत नाहीत, तसे. आणि आळीनेही कमी केलं नाही. दिवाळी सरते न सरते तोच शाळेच्या फरशीवर झोपायला लावलं म्हणून 'टिकली मॅडम' हे नाव पडलं. सगळ्यात मोठ्याने हसायची ती शेवंताबाई. "काय ती बाई, उगा जिवाला घोर. निस्ती घाबरट." मी समोर बसून चहा प्यायचे. शब्द दिला होता.

मॅडमना नंतर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे काम मिळालं. ड्रोन उडवून कोळशाच्या ढिगांचं माप काढायचं. आज ढीग मोजायचा, उद्या तो जाळला जातो, परवा नवा. मी म्हटलं, कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "ढिगाला कुणी चुना देत नाही." एवढाच विनोद त्यांनी त्या प्रकारावर केला.

मी इंदिरानगरला अधूनमधून जायचे. खोलीत खुर्ची एकच होती. मी गेले की त्या पलंगावर बसायच्या. एकदा त्यांनी जुनी फाइल उघडली. कोटाच्या आळीचं पहिलं स्कॅनिंग, माणसं न पुसलेलं. "बाकी सगळ्या फाइलींतली माणसं पुसली. ही एक तशीच ठेवली," त्या म्हणाल्या. ठिपक्यांची आख्खी आळी. पोरांचे धुरासारखे पट्टे, कोंबड्यांच्या रेघा, वाळत घातलेल्या साड्यांचे तुकडे, पाय रोवून उभी राहिलेली मी, फाटकी. आणि आपल्या दारात शेवंताबाई, पूर्ण. मांडीवर झेंडूची माळ, सुईचा हात तेवढा पुसट. यंत्र फिरेपर्यंत ती जागची हललीच नव्हती.

"तुम्ही कुठे आहात यात?"

"मी कशी असेन? यंत्र मीच लावते ना. ते फिरायला लागलं की मला आडोशाला जावं लागतं." त्या सहज म्हणाल्या. "कुठल्याच फाइलमध्ये नसते मी."

त्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं. साध्या फोनने कोटाच्या वरच्या भागाचे एकमेकांवर चढणारे फोटो काढत जायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यातूनही मोजता येतं, यंत्राइतकं बारीक नाही, पण धोका कळण्यापुरतं. मी दर महिन्याला काढून पाठवायला लागले. दोन-तीन दिवसांनी भिंतीचं उत्तर यायचं, नेहमी तेच. 'हललेली नाही.' कधी मी विचारायचे, तुम्ही कशा आहात. त्याला उत्तर यायचं नाही, किंवा पुढच्या महिन्याचं यायचं. 'हललेली नाही.'

या पावसाळ्यात उत्तर आलं नाही. मी पुन्हा फोटो पाठवले, तेही पडून राहिले. फोन लावला तर त्यांच्या भावाने उचलला. ताप डोक्यात गेला, म्हणाला, सटाण्याला आणलं होतं, पण उशीर झाला. मग संकोचून विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" मी कोटाच्या आळीचं नाव सांगितलं. "भिंतीचे फोटो तुम्हीच पाठवता का?" तो म्हणाला. "शेवटी शेवटी सारखी फोन मागायची. भिंतीचं बघायचंय म्हणायची."

पुढच्या महिन्यात मी सवयीने फोटो काढायला गेले. शेवंताबाई दारात माळ ओवत बसली होती. "काढ काढ. पाठव तुझ्या टिकली मॅडमला. अजून घाबरतीया का?"

मी शब्द मोडला. समोर बसून सगळं सांगितलं. टिकल्या, चुना, डिंक, सुनावणी, 'माझं लिहा'. शेवटी सांगितलं की त्या गेल्या. शेवंताबाईची सुई थांबली. ती रडली नाही. माळ अर्धी टाकून आत गेली आणि आतल्या भिंतीकडे तोंड करून बसली. मी हाक मारली तर म्हणाली, "जा तू आता."

दिवाळीच्या तोंडावर परत गेले. आळीत चुन्याचा वास होता. शेवंताबाई घराघरांत फिरत होती, कुणाच्या हातात कुंचला देत नव्हती. मागची भिंत पांढरीशुभ्र, आणि प्रत्येक टिकलीभोवती वीतभर दगड उघडा ठेवलेला, काळा, जसाच्या तसा. स्वतःच्या घरातल्या टिकल्यांभोवतीही नवा हात नाही, जुनाच चुना. त्या चुकलेल्या जागी आहेत, त्यांचा आता कुणाला उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं होतं. तरीही.

मी फोनवर फोटो काढले. पाठवायला कुणी नव्हतं.

"हलली का गं?" शेवंताबाईने विचारलं.

तोंडात पत्रकातली सगळी वाक्यं आली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, चुन्याची बादली उचलली आणि पुढच्या टिकलीला वळसा घालायला गेली.